पत्र्याचं बदक आणि रुपचंदचं तोंड

रुपचंद मगन शिंपी हा आडनावाने शिंपी, पण त्याला साधं बटण लावता येत नव्हतं. सगळ्या पिढ्या सुईदोऱ्यात गेलेल्या घरात हा एकच असा निघाला, की कात्री हातात घ्यायच्या ऐवजी तोंडात घेऊन आला.

धुळ्यात तेव्हा नवा पिक्चर लागला की टांग्याला पाट्या बांधून गावभर फिरवायचे आणि आत बसलेला माणूस भोंग्यातून बोंबलत जायचा. रुपचंद शाळेतून पळून त्या टांग्यात बसायला लागला, तो मिसरूड फुटेपर्यंत उतरलाच नाही. पुढे टॉकीजमध्ये बॅटरी दाखवायचं काम लागलं. ते काही टिकलं नाही. बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवता दाखवता हा पठ्ठ्या प्रत्येकाच्या कानात खून कुणी केला ते सांगायचा. मालकाने हाकलला तेव्हासुद्धा, म्हणतात, तिकिटाच्या रांगेला शेवट सांगूनच गेला.

मग व्हिडिओचे दिवस आले आणि रुपचंदचं नशीब उघडलं. एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर, दोन गोधड्या गुंडाळायला, आणि वर स्वतःचं तोंड, एवढ्या भांडवलावर तो धुळे-शिरपूर पट्ट्यात कुणाची हळद असो, बारसं असो, नवस फिटलेला असो, बोलावतील तिथे जायचा. हिंदी पिक्चर तर सगळेच दाखवत होते. रुपचंदची खासियत इंग्रजी. टीव्हीचा आवाज बारीक करायचा, हातात काठी घेऊन मास्तरासारखं शेजारी उभं राहायचं, आणि पडद्यावरच्या सगळ्या गोऱ्या लोकांना अहिराणीत बोलतं करायचं. त्याला इंग्रजी येत होतं असा कुणाचा गैरसमज असेल तर तो काढून टाका. येत काही नव्हतं, म्हणून तर मजा होती. हेलिकॉप्टरला लोंबकळणारी बाई रुपचंदच्या तोंडून ओरडायची, "अवं माय, मना कुकर गॅसवर राही गया." खाली माणसं पोट धरून लोळायची. पिक्चर कुठला होता हे दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नसे. रुपचंद काय म्हणाला ते मात्र पारावर पंधरवडाभर चालायचं.

आता त्याच्यातली खोट सांगतो. पुरुषांचे आवाज ह्याच्याकडे पोतंभर होते. बायकांचा मात्र एकच, आणि तो त्याच्या बायकोचा, यशोदाचा.

यशोदाची बोलण्याची एक तऱ्हा होती. राग आला की ती ओरडत नसे. उलट आवाज खाली आणायची, "मी म्हणते" असं सुरू करायची, आणि शेवटी "असू द्या" म्हणून झाकण लावायची. मधे जे काही असेल ते ऐकणाऱ्याच्या हाडापर्यंत जायचं. रुपचंदने ही तऱ्हा उचलली आणि राणी, दरोडेखोरीण, नर्स, हडळ, सगळ्यांच्या तोंडी घातली. लग्नानंतरची नऊ वर्षं यशोदाने सहन केलं. भाजीबाजारात मेथीवाली तिला पाहून "मी म्हणते, जुडी घेता का, नाहीतर असू द्या" असं म्हणायला लागली, तेही पोटात घातलं. पण तिच्या चुलतबहिणीच्या हळदीला, सगळं माहेर समोर बसलेलं असताना, रुपचंदने झाडूवर बसून उडणाऱ्या एका चेटकिणीला तो आवाज दिला. माहेरची माणसं इतकी हसली की एका म्हाताऱ्याची कवळी मांडवात हरवली. यशोदा हसली नाही.

पुढे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, चार दिवस सासरचं नाव काढत नाहीत, त्यात नवल काही नाही. पण बाकीच्या लेकी पिशवी घेऊन जातात. यशोदाने ट्रंक नेली. स्टँडवर गाडीत बसल्यावर खिडकीतून तिने एवढंच सांगितलं, "मी म्हणते, एक अख्खा पिक्चर तोंड न उघडता दाखवा. माझ्या गावात, माझ्या माणसांसमोर. मग येईन तुमच्या मागे. जमत नसेल तर असू द्या."

गाडी गेली. रुपचंद स्टँडवर उभा राहिला आणि, खरं सांगायचं तर, मनातल्या मनात तो डायलॉग तिच्या आवाजात पुन्हा म्हणून पाहिला. खोड म्हणतात ती ही.

घरी आल्यावर मात्र त्याचे डोळे उघडले. चूल थंड, दोरीवर एक साडी नाही, आणि तो बोलतोय कुणाशी, तर व्हीसीआरशी. दोन दिवसांत तो रडकुंडीला आला. बायको गेली तर आपण कुणाचा आवाज काढणार हा विचार त्याला आधी आला, आणि तो विचार आधी आला ह्याची लाज नंतर वाटली. पण वाटली, एवढं त्याच्या पदरात टाकू.

तो गेला नासीरकडे. पाचकंदीलजवळ नासीरचं कॅसेटचं दुकान होतं. शहरात केबल आल्यापासून दुकानात माणसांपेक्षा माश्या जास्त, पण नासीर जुना दोस्त, गल्ल्यावर बसून कॅसेटींची धूळ झटकत असायचा. रुपचंदने सगळी कर्मकहाणी सांगितली आणि म्हणाला, "असा पिक्चर दे, की मला बोलावंच लागू नये."

नासीरने बराच विचार केला. मग वरच्या फळीवरून एक कॅसेट काढली. वेष्टनावर एक पत्र्याचं बदक होतं, चाकांवर उभं, चोच उघडी टाकलेली.

"ये ले जा. कार्टून है. खिलौनोंका. हिलते भी हैं, लडते भी हैं, सब कुछ करते. मेरे घर में सबने देखा. मेरी दादी अमिनाबी इतना हँसी के नमाज का टैम निकल गया. इसमें बोलनेका कामच नहीं."

"इंग्रजी आहे?"

"इंग्रजी होगा तो होगा. बदक को कौनसी भाषा लगती रे?"

रुपचंदला हे पटलं. इथेच दोघांची चूक झाली, कारण नासीरच्या घरी तो पिक्चर पाहताना नासीरची बहीण आबेदा, कॉलेजात शिकलेली, शेजारी बसून सगळं समजावून सांगत होती. हे नासीर साफ विसरला होता. रुपचंदने स्वतः तो पाहिला नव्हता. पाहिला तर बोलावंसं वाटेल, ह्या भीतीने घरीसुद्धा लावला नाही.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये टीव्ही मांडीवर घेऊन रुपचंद शिरपूरच्या पुढे आंबेखेड्याला उतरला. सासरे झुलाल नाना ओसरीवरच होते. नाना म्हणजे कापसाच्या गाठीसारखा माणूस, चारी बाजूंनी आवळलेला. ते हसल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं आणि ते चुकल्याचं त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं. एकदा औत भलत्याच्या शेतात घालून आले, तर म्हणाले, "बांध सरकी गया व्हई." बायकोच्या माहेरची म्हैस तिला न विचारता विकली, तर म्हणाले, "तिलेच आठे करमत नव्हतं." जावयाचा धंदा त्यांना मुळीच मान्य नव्हता. नुसतं बोलून माणूस पोट भरतो ह्यात काहीतरी लबाडी आहे, असं त्यांचं ठाम मत.

"पाव्हणा," नाना म्हणाले, "यशोदीनं मला सगळं सांगितलं आहे. पंच मी. शब्द काय, हूं की चूं केलं तरी पोरगी जाणार नाही."

रुपचंद "बरं नाना" म्हणणार होता, पण तालीम म्हणून नुसती मान हलवली.

आत माजघरात यशोदा घसा शेकत बसली होती. आदल्या दिवशीच्या बारात घसा बसला होता. बार म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आखाजीला नदीच्या ह्या काठावर आपल्या गावच्या बाया उभ्या राहतात, पलीकडच्या काठावर शेजारच्या गावच्या, आणि मग दोन्हीकडून शिव्यांचा असा भडिमार होतो की नदीत पाणी असतं तर उकळलं असतं. सात पिढ्यांचा उद्धार होतो. राग कुणी धरत नाही, उलट बार फिका झाला तर वर्ष वाईट जातं म्हणतात. लग्नाआधी यशोदा ह्या बाराची म्होरकी होती. पलीकडच्या गावातल्या बाया तिचं लग्न धुळ्याला ठरल्याचं ऐकून पेढे वाटायला निघाल्या होत्या. रुपचंदला ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं. बोलण्यातून सवड मिळाली तर ना.

दुपारी कापसाच्या खोलीत टीव्ही लावला. उन्हाळ्यात खोली रिकामी असते. खिडकीला गोधडी टांगली, अंधार झाला, आणि अर्धं गाव आत कोंबलं गेलं. पुढे पोरंटोरं, एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. रुपचंद सवयीने काठी घेऊन टीव्हीशेजारी उभा राहिला. नानांनी ती काढून घेतली. मग त्यांनी आपली खाट टाकली, पण टीव्हीकडे तोंड करून नाही, जावयाच्या तोंडाकडे तोंड करून. रुपचंदने खांद्यावरचा गमछा तोंडात कोंबला आणि बटण दाबलं.

पिक्चर सुरू झाला. एका मोठ्या रेल्वे स्टेशनात हरवलेल्या सामानाची खोली. तिथे छत्र्या, ट्रंका, टोप्या, आणि दोन कपाटांत प्रवाशांची विसरलेली खेळणी. रात्री स्टेशनमास्तर कुलूप लावून गेला की ही खेळणी उठून बसतात. पत्र्याचं बदक सगळ्यांत बडबडं. त्याची चावी संपली तरी चोच चालूच. एक कापडी बाहुली, बटणांच्या डोळ्यांची, नाकासमोर चालणारी. एक जाडजूड अस्वल, पोटातून कापूस बाहेर आलेला. पोरांनी त्याला बघितल्याबरोबर सरपंच म्हणून टाकलं, आणि खरे सरपंच मागे बसले होते त्यांनीही ते मनावर घेतलं नाही, साम्य फारच होतं.

पहिला थोडा वेळ नासीरचं म्हणणं खरं ठरलं. बदक जिन्यावरून गडगडलं, पोरं हसली. अस्वल ट्रंकेत अडकलं, बाया हसल्या. पडणं-आपटणं काय, कुठल्याही मुलखात कळतं. पण पुढे खेळणी गोल करून बसली आणि बोलायला लागली. बोलतात, बोलतात, बोलतात. सगळं इंग्रजीत.

"काय सांगी राहिनात हाई?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळ्या माना रुपचंदकडे वळल्या. रुपचंदचे डोळे बाहेर आले. गमछ्याच्या आत जीभ तडफडत होती. बदकाला काय बोलायला लावायचं ते त्याला इतकं स्वच्छ दिसत होतं, की त्याने डोळे मिटून घेतले. तरी चोचीचा आवाज येत होता, म्हणून कानांत बोटं घातली.

रुपचंद बोलत नाही म्हटल्यावर निंबा पहेलवान पुढे सरसावला. निंबाला वाटायचं की आपल्याला जगातलं सगळं समजतं. "सोपं आहे," तो म्हणाला. "हे रेशनचं दुकान. बदक म्हणजे तलाठी. साखर संपली म्हणून भांडण चालू आहे."

"मग ती बाहुली?"

"ती तलाठ्याची मावशी."

"आणि मधेच ती सगळी रडायला का लागली?"

"साखर संपली म्हटल्यावर काय हसतील?"

ह्या हिशेबाने थोडा वेळ चाललं. पण पुढे खेळणी आगगाडीच्या टपावर चढली, आणि रेशनचं दुकान काही टपावर चढेना. निंबा परत मागे जाऊन बसला. पोरं कुरकुरायला लागली. खोलीत उकाडा असा, की सरकीतून तेल निघावं. एक म्हातारी उठली, तिच्यामागे तिची सून उठली, मग दोन बाप्ये बिडी ओढायला म्हणून गेले ते आले नाहीत.

नाना शांतपणे म्हणाले, "पाव्हणा, आधीच सांगून ठेवतो. खोली रिकामी झाली तर हा पिक्चर धरता येणार नाही. भिंतींना दाखवायचं ठरलं नव्हतं."

रुपचंदने मनातल्या मनात हिशेब मांडला. बोलावं तर बायको गेली. बोलू नये तर माणसं जातात, आणि माणसं गेली तरी बायको गेली. तो टीव्हीला टेकून खाली बसला. गमछा त्याने इतका चावला होता की काठ सुटला होता. तोंड मिटून बसलेला तो माणूस त्या क्षणी खरोखर केविलवाणा दिसत होता, आणि ते पाहायला बायांमध्ये सगळ्यांत पुढे बसली होती यशोदा.

तिने डोक्यावरचा पदर नीट केला. उठली. टीव्हीजवळ गेली आणि आवाजाचं बटण पार बारीक केलं. रुपचंदच्या हाताची ती सवय तिने कितीदा पाहिली असेल कोण जाणे. मग नानांच्या मांडीवरची काठी उचलली आणि टीव्हीच्या शेजारी उभी राहिली.

पडद्यावर बदक चोच उघडत होतं. यशोदाने बसलेल्या घशातून, हुबेहूब नवऱ्याच्या आवाजात, म्हटलं, "मी काय सांगस, ऐकी ल्या. भुसावळ येवाले अजून टाइम शे, तवलोंग मी तुमले मना लहानपणनी गोष्ट सांगस."

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग खोली फुटली. गेलेले बाप्ये बिड्या विझवून परत आले. अस्वल म्हणालं, "अरे, हाई गोष्ट तू जळगावपासून तीनदा सांगी चुकना." बदक म्हणालं, "मग चौथांदा ऐका, तिसरांदा मी शेवट सांगाले इसरी गवथू." हसता हसता निंबा पहेलवान भिंतीवर आपटला. रुपचंद खाली बसून वर बघत राहिला. आपण असे बोलतो हे त्याला आजवर कुणी दाखवलं नव्हतं. चीड यायला पाहिजे होती. पण आधी हसू आलं, तेही तोंडात गमछा असल्यामुळे नाकातून बाहेर पडलं, आणि नाना दचकून पुढे झुकले. "हे बोलणं नाही, नाक आहे," असा निकाल त्यांनी स्वतःच दिला.

बाया आता रंगात आल्या. "यशोदा, ह्या बदकाचं नाव काय?" एकीने विचारलं. नवऱ्याचं नाव बायकोने असंच कसं घ्यायचं? यशोदाने काठी टेकली आणि म्हटलं,

"पत्र्याच्या बदकाला चाकं बसवली चार,
रुपचंदरावांच्या तोंडाला आज लावलंय दार."

पुढे पिक्चरमध्ये खेळण्यांच्या दोन फळ्या पडल्या. एक टोळी डब्यातल्या ह्या बाकावर, दुसरी समोरच्या बाकावर, मधे रिकामी फरशी. दोन्हीकडून हातवारे चालू झाले. आता समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन टोळ्या आणि मधे मोकळी जागा पाहून आंबेखेड्याच्या बायांना दुसरं काय आठवणार? यशोदाने काठी उचलायच्या आत त्यांनीच बार सुरू केला. वरच्या आळीच्या बायांनी डावं बाक घेतलं, खालच्या आळीच्या बायांनी उजवं.

"अवं ये कापूस निंघेल पोटवाली, तुनी आळीनं पानी खारं."

"तुनी आळीनी म्हैस आरसा पाहीसन लाजस."

टीव्हीतली खेळणी बिचारी तोंड उघडायची आणि इकडून शिवी तयार असायची, इतकी चपखल बसायची की तो पिक्चर त्यांनीच काढला असावा. कुठल्या देशात कुणी ती बाहुली शिवली, कुणी ते अस्वल रंगवलं, त्यांना स्वप्नातसुद्धा वाटलं नसेल की आपली खेळणी एक दिवस आंबेखेड्याच्या भाऊबंदकीत भांडतील. पण भांडत होती, आणि मनापासून भांडत होती. नानांची खाट हळूहळू फिरायला लागली होती. आधी मान वळली, मग खांदा, मग खुद्द नाना. जावयाच्या तोंडाकडे आता पंचाची पाठ होती. रुपचंद त्या वेळी काहीही बोलला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण तो बोलला नाही. तो ऐकत होता.

मग पिक्चर शेवटाला आला. बदकाच्या बडबडीमुळे सगळी खेळणी पकडली गेली होती आणि पुन्हा त्याच खोलीत येऊन पडली होती. बदक बाकाखाली जाऊन बसलं होतं, चाकं वर, चोच मिटलेली. बाकी सगळी झोपलेली. कापडी बाहुली एकटी उठली आणि त्याच्याशेजारी येऊन बसली.

बाया पुढे सरकल्या. यशोदाने काठी खाली ठेवली. ह्या वेळी तिने कुणाचा आवाज काढला नाही. स्वतःचाच काढला, खालच्या पट्टीतला.

"मी म्हणते," बाहुली म्हणाली, "तुझ्या तोंडून माझा आवाज सगळ्या दुनियेनं ऐकला. लोक हसले. मलाही हसू आलं असतं एखाद्या वेळी. पण तू ऐकलास का तो कधी? नऊ वर्षं तुझ्याच घरात होता."

आणि ती थांबली. "असू द्या" म्हणाली नाही.

पडद्यावर बदकाने मान वर केली. चोच उघडली. आता ते बोलणार होतं, आणि त्याचा आवाज कोण काढणार हा प्रश्न त्या खोलीत पहिल्यांदाच पडला. यशोदा तोंड मिटून उभी होती. सगळे रुपचंदकडे बघत होते. रुपचंदच्या डोळ्यांतून पाणी गमछ्यावर पडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे बोलण्यासारखं खरं काहीतरी होतं, चार शब्दांचं, आणि ते बोललं की बायको जाणार होती. त्याने दोन्ही हातांनी गमछा आवळून धरला आणि तिच्याकडे बघून नुसती मान हलवत राहिला, नाही, नाही ऐकला.

बदकाची चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आवाज नाही. कुणाला ते बघवेना.

"चुकी गयं माय मनं," एक घोगरा आवाज म्हणाला.

आवाज खाटेवरून आला होता. झुलाल नाना टीव्हीकडे टक लावून बसले होते, चोचीबरोबर त्यांचे ओठ हलत होते. आपण बोललो हे त्यांना अजून कळलंच नव्हतं. गावाला कळलं होतं.

यशोदा रुपचंदजवळ आली, खाली वाकली आणि त्याच्या तोंडातला गमछा ओढून काढला. "सोडा आता, फाटला तो." रुपचंदने घाबरून टीव्हीकडे बोट दाखवलं, पिक्चर संपला नव्हता. तिला हसू आलं आणि रडूही आलं. "मी म्हणते, उद्या सकाळच्या गाडीनं निघू," ती म्हणाली. तो तिचा पदर धरून बसला, गमछा नाही म्हटल्यावर काहीतरी धरायला पाहिजे म्हणून.

तेवढ्यात मागून, दाराजवळ बसलेल्या सासूबाई, भिकुबाई, उठल्या. ही बाई पिक्चरभर एक अक्षर बोलली नव्हती, बारातसुद्धा नाही. माणसांच्या मधून वाट काढत ती पुढे आली.

"पाव्हणा," ती म्हणाली, "ते जरा मागं घ्या."

रुपचंदने मागं घेतलं. बाहुली उलटी चालत गेली, पुन्हा येऊन बसली. बदकाने मान वर केली. भिकुबाई नानांच्या खाटेसमोर उभी राहिली.

"आता म्हणा."

"काय?" नाना म्हणाले.

"बदक काय म्हन्नं ते."

नानांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गाव दार अडवून बसलं होतं. बदकाची चोच उघडली.

"चुकी गयं माय मनं," नाना म्हणाले. ह्या वेळी त्यांचं लक्ष टीव्हीकडे नव्हतं.

भिकुबाईने पदराने डोळे पुसले. "लगीन झाल्यावरच्या पहिल्या आखाजीला मी माहेरी गठुडं बांधून बसले होते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "न्यायला येतो म्हणून सांगून गेले आणि सालदार गड्याला पाठवलं. तेव्हाचं राहिलं होतं."

सगळ्या बाया खाली बघायला लागल्या. एकीला हुंदका आला. नाना खाटेवरून उठायला लागले, पण भिकुबाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं, आणि जावयाकडे वळली.

"ते पहिली आखाजीनं झायं," ती म्हणाली. "आते म्हैसनं राहिनं. ल्या मांगे."

रुपचंदने तोंडातून शब्द न काढता बटण दाबलं.